सांधा कुणाच्या ताब्यात?

चिपचा विषय निघाला की आपल्याकडे बोलणं थेट हजारो कोटींवर जातं. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य सरकारने तळोजाच्या टॉवर-अदानी चिप कारखान्याला मान्यता दिली, आकडा होता ८३,९४७ कोटी रुपयांचा. पनवेल-तळोजा पट्ट्यातल्या जागेच्या दलालांना वर्षभर पुरेल एवढा विषय मिळाला. २०२५ मध्ये दोन कंपन्यांमधली बोलणी थांबल्याच्या बातम्या आल्या आणि मग हळहळ सुरू झाली. हातचं गेलं, आता गुजरात पुढे निघून जाणार, वगैरे. त्या हळहळीत सामील व्हावंसं मला वाटत नाही. कारखाना यायला हवा होता की नको, हा वाद निराळा. पण ठाणे जिल्ह्यातल्या माणसाला दवाखान्यात गेल्यावर चिपचा जो प्रश्न भेडसावतो, तो चिप कुठे बनते हा नाहीच. चिप आणि रक्त ज्या जागी एकमेकांना भेटतात, ती जागा कुणाच्या मालकीची, हा तो प्रश्न आहे.

हातात मावणारी तपासणी यंत्रं आता नवलाची राहिलेली नाहीत. ग्लुकोमीटर तर फ्रिजवर, देव्हाऱ्याशेजारी, कुठेही पडलेलं असतं. त्यापुढच्या पिढीची यंत्रं रक्तातले क्षार मोजतात, हृदयविकाराच्या झटक्यानंतर वाढणारं ट्रोपोनिन मोजतात, क्षयाचा जंतू किंवा सिकलसेल ओळखतात. वरून कितीही वेगळी दिसली तरी आतली मांडणी एकाच घराण्यातली. एका बाजूला थेंबाला वाट करून देणारी केसाएवढी खाच, दुसऱ्या बाजूला आकडा काढणारी चिप, आणि मध्ये ज्याच्यावर रसायन बसवलंय असा एक इवलासा पृष्ठभाग. यातला जो भाग वापरून फेकायचा तो कार्ट्रिज. दवाखान्यात त्याला सगळे सरसकट 'किट' म्हणतात. जो राहतो ते मशीन. दोघांच्या मध्ये असतात चार-सहा धातूचे ठिपके, एखादी खोबण, एखादा बारकोड. हा सांधा.

माझं म्हणणं असं की सरकारी पैशातून विकत घेतल्या जाणाऱ्या प्रत्येक हातयंत्राचा हा सांधा खुला असला पाहिजे. त्याची मापं, कुठल्या ठिपक्यातून कुठला विद्युत संकेत जातो ते, कार्ट्रिजवर माहिती कशी लिहिलेली असते ते, हे सगळं कुठल्याही परवानाधारक उत्पादकाला पाहायला मिळावं आणि त्याने बनवलेलं, चाचणीत उतरलेलं कार्ट्रिज त्या मशीनमध्ये चालावं.

ऐकताना ही किरकोळ तांत्रिक अट वाटते. माझी उमेदीची वर्षं लॅबची यंत्रं दुरुस्त करण्यात गेली, म्हणून मला ती किरकोळ वाटत नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात एक लोखंडी कपाट पाहिलंय. खालच्या दोन कप्प्यांत एकाच बनावटीची हातयंत्रं, काहींच्या पडद्यावरचं संरक्षक प्लास्टिकही निघालेलं नव्हतं. बिघाड काय म्हणून विचारलं तर सिस्टर म्हणाल्या, "सर, मशीनला काही झालेलं नाही हो. किटच येत नाही." दरकरार संपला होता. नवा दरकरार दुसऱ्या कंपनीला मिळाला. तिचं किट या मशीनला बसत नाही, म्हणून तिची नवी मशीन आली. जुनी यंत्रं डेडस्टॉक रजिस्टरमध्ये जिवंत आहेत, त्यामुळे फेकताही येत नाहीत, आणि निर्लेखनाची फाइल कुणी हलवत नाही. कपाट उघडलं की एक सिलिका जेलची पुडी पायाशी पडते, पुन्हा आत ढकलायची आणि दार लावायचं. चिपच्या दुष्काळाची चर्चा करणाऱ्यांनी हे कपाट एकदा पाहावं. त्यात चिपच चिप आहेत.

सांधा एवढा महत्त्वाचा का झाला, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. १९६२ साली लेलँड क्लार्क यांनी ऑक्सिजन मोजणाऱ्या इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमचा थर बसवण्याची कल्पना मांडली आणि जैवसंवेदकाचा (बायोसेन्सरचा) जन्म झाला. १९७० मध्ये आलेलं अमेरिकेतल्या एम्स (Ames) कंपनीचं साखर मोजायचं यंत्र किलोभराहून जड होतं, डॉक्टरच्या टेबलावर राहायचं आणि पट्टीचा बदललेला रंग वाचायचं. खरी उलथापालथ झाली १९८७ मध्ये, पेनाच्या आकाराचं एक्झॅकटेक आलं तेव्हा. त्यात पट्टीवर चिप नव्हतीच. पट्टी म्हणजे प्लास्टिकवर छापलेली वाहक शाई आणि वाळवलेलं एन्झाइम. चिप पेनात. थेंब पडला, एन्झाइमने साखरेतून इलेक्ट्रॉन काढले, ते शाईवरून ठिपक्यांपर्यंत आले आणि पेनातल्या चिपने मोजले. पट्टी फेकली, पेन राहिलं. जगात सर्वाधिक खपलेल्या जैवसंवेदकाचं गुपित चिप आणि रक्त यांना दूर ठेवण्यात आहे. एकत्रीकरण, एकत्रीकरण असा जप करणाऱ्या परिषदांमध्ये हे फारसं सांगितलं जात नाही.

दूर ठेवायचं कारण साधं आहे. सिलिकॉनची किंमत क्षेत्रफळावर ठरते. गेल्या साठ वर्षांत ट्रान्झिस्टर लहान लहान होत गेला, रक्ताचा थेंब मात्र होता तेवढाच राहिला. थेंबाला पसरायला मिलिमीटरांमध्ये जागा लागते. त्याचं गणित करणारं सर्किट त्याच्या कोपऱ्यात मावतं. थेंब चिपवरून वाहवायचा म्हणजे कोरं, महाग सिलिकॉन निव्वळ नाल्याच्या तळासाठी विकत घ्यायचं, आणि एका तपासणीनंतर कचऱ्यात टाकायचं.

दुसरं कारण मिठाचं. चिप काळ्या राळेत का बुजवतात? दमटपणा आणि सोडियमचे आयन आत शिरू नयेत म्हणून. १९६० च्या दशकात चिप उद्योगाला ज्या शत्रूने जेरीस आणलं तो हाच सोडियम; ऑक्साइडच्या थरात शिरला की ट्रान्झिस्टर बेभरवशाचा होतो. आणि रक्त म्हणजे काय, तर खारट पाणी आणि वर बरंच काही. जैवसंवेदकाला नेमकी त्या राळेत खिडकी पाडून खारट पाणी आत घ्यायचं असतं. पीट बर्गवेल्ड यांनी १९७० मध्ये ट्रान्झिस्टरचं फाटक मुद्दाम उघडं करून द्रवाला भिडवलं. त्यातून आम्लता मोजणारे चांगले संवेदक निघाले, पुढे डीएनए वाचणाऱ्या चिपही निघाल्या. पण रक्तातलं प्रथिन त्याच पद्धतीने थेट ओळखायचं म्हटलं की गाडी अडते. रक्तातल्या क्षारांमुळे विद्युतभाराचा प्रभाव एका नॅनोमीटरच्या आतच विझून जातो, तर प्रथिनाला पकडणारा प्रतिपिंड स्वतःच दहाएक नॅनोमीटरचा. त्याच्या टोकाला काय अडकलं, हे खालच्या ट्रान्झिस्टरला दिसतच नाही. प्रयोगशाळेत नमुना पातळ करून, क्षार कमी करून शोधनिबंध छापता येतो. कळव्याच्या रुग्णालयातल्या वॉर्डात रक्त रक्तासारखंच दाट आणि खारट असतं.

ऐरोलीच्या पुलापलीकडे पवईत आयआयटीमध्ये २००६ पासून नॅनोइलेक्ट्रॉनिक्सचं केंद्र आहे. हृदयविकाराचा झटका ओळखणाऱ्या सूक्ष्म संवेदकांवर तिथे खूप काम झालं. त्याच वातावरणातून पुढे बाजारात आलेलं यंत्र मात्र नॅनोस्निफर, २०२१ मध्ये आलेलं, स्फोटकं हुंगणारं. यात त्या मंडळींना कमी लेखण्याचा हेतू नाही, उलट कौतुकच आहे. पण हवा हुंगणं रक्तात उतरण्यापेक्षा सोपं असावं, असं मला त्यावरून वाटतं.

चिप आणि रक्त खरोखर एकत्र आणून दाखवलं ते आय-स्टॅट या हातयंत्राने, १९९२ मध्ये. त्याचं वापरलेलं कार्ट्रिज मी भिंगाखाली उघडून पाहिलंय. घड्याळजी घड्याळ पाहतो तसं पाहत बसावं अशी वस्तू आहे. आत पत्र्याच्या वेष्टनातली एक पुडी, तिच्यात ठरावीक क्षारांचं द्रावण. कार्ट्रिज मशीनमध्ये सरकवलं की पुडी दाबली जाते, खालच्या काट्यावर फुटते, द्रावण सिलिकॉनच्या संवेदकांवरून वाहतं आणि चिप आधी स्वतःला पारखून घेते. मग हवेच्या फुग्यावर दाब येतो, द्रावण पुढे ढकललं जातं आणि त्याच जागी रक्त येतं. वाटेतले इलेक्ट्रोड प्रत्येक क्षणी पाहत असतात की समोर आहे ते द्रावण, रक्त की बुडबुडा. दर तपासणीला नवी पारख, कारण मिठात बसलेला संवेदक कालच्यासारखाच आज वागेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. दोन-तीन थेंब आणि काही मिनिटांत पोटॅशियम. याला म्हणतात अभियांत्रिकी.

पण याच यंत्राची माहितीपुस्तिका उघडा. चालण्याचं तापमान १६ ते ३० अंश. कार्ट्रिज ठेवायची २ ते ८ अंशांत. शहापूर तालुक्यातल्या एखाद्या आरोग्य केंद्रात मे महिन्यात दुपारी दोन वाजता, वीज गेलेली असताना, हे यंत्र तापमान मर्यादेबाहेर असल्याचं सांगून गप्प बसेल. त्यात त्याचा दोष नाही. ते ज्यांच्यासाठी घडवलं त्यांच्याकडे वातानुकूलन होतं.

आता पैशाकडे येतो, कारण सांध्याची खरी किंमत तिथे कळते. क्षयरोगासाठीचं जीनएक्स्पर्ट, आपल्याकडे ज्याला सीबीनॅट म्हणतात, ते जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये उचलून धरलं. क्षयाच्या निदानात त्याने क्रांती केली, यात वाद नाही. त्याच्या एका कार्ट्रिजची किंमत गरीब देशांसाठी १६.८६ डॉलर होती. २०१२ मध्ये दात्या संस्थांनी १ कोटी ११ लाख डॉलर मोजून ती ९.९८ वर आणली. पुढची अकरा वर्षं ती तिथेच थांबली. खप वाढला, कारखान्यांचा उत्पादनखर्च खाली आला असणार, पण किंमत हलली नाही. २०२३ मध्ये जगभरातल्या रुग्णसंघटनांनी आणि डॉक्टरांनी रेटा लावल्यावर कुठे ७.९७ झाली. अकरा वर्षं किंमत अशी खिळून का राहिली? कारण त्या मशीनमध्ये दुसऱ्या कुणाचं कार्ट्रिज जातच नाही. एकदा मशीन बसलं की गिऱ्हाईक बांधलं गेलं.

त्याला उत्तर म्हणून उभं राहिलेलं ट्रूनॅट गोव्याच्या कंपनीचं, बंगळुरूच्या प्रयोगशाळेत घडलेलं. बॅटरीवर चालतं, लहान केंद्रात नेता येतं. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यालाही मान्यता दिली. मराठी माणसाने शेजाऱ्याचं कौतुक करायला हरकत नाही. त्याच्या प्रत्येक चाचणी-चिपवर एक छोटी स्मृती (मेमरी) बसवलेली असते. कोणती तपासणी, कोणता बॅच, मोजणीसाठीचे प्रमाण आकडे, सगळं त्यात लिहिलेलं. एकदा वापरलेली चिप चुकून दुसऱ्यांदा घातली तर मशीन ती नाकारतं. हे उत्तमच. बॅचचा आकडा हाताने भरायला लावला तर रात्रपाळीत तो चुकणारच. जुन्या ग्लुकोमीटरला पट्टीच्या डबीवरचा कोड द्यावा लागायचा तेव्हा लोक हमखास विसरायचे आणि साखर भलतीच यायची. स्मृतीचं काम पारख सांगणं, आणि ते तिने करावंच. पण तीच स्मृती कुलूपही होऊ शकते. माझ्या कंपनीची असशील तर आत ये, नाहीतर जा. पारख आणि कुलूप यांतला फरक करायचा अधिकार आज विकणाऱ्याकडे आहे. तो विकत घेणाऱ्याकडे यायला हवा.

हे अशक्य असतं तर मी बोललो नसतो. आपल्या स्वयंपाकघरातला १४.२ किलोचा सिलिंडर घ्या. एचपी असो, भारत असो की इंडेन, झडप तीच २२ मिलिमीटरची, रेग्युलेटर बसतो. कुठल्या कंपनीच्या सिलिंडरला कुणाची शेगडी, असा प्रश्न आपल्याला कधी पडत नाही, कारण स्फोटक वायूच्या बाबतीत सांधा कुणा एकाच्या मर्जीवर सोडायचा नाही हे कधीतरी कुणीतरी ठरवलं आणि मानकात लिहिलं. वायूच्या बाबतीत जमलं ते रक्ताच्या थेंबाच्या बाबतीत जमू नये?

यावर पहिला आक्षेप येतो तो सुरक्षेचा, आणि तो खरा आहे. एकाचं मशीन, दुसऱ्याचं कार्ट्रिज, आकडा चुकला तर जबाबदार कोण? दोघंही बोट दाखवणार. म्हणूनच खुल्या सांध्याचा अर्थ कुणीही काहीही आत खुपसावं असा नाही. वैद्यकीय उपकरण नियम २०१७ पासून आहेत, धोक्यानुसार अ ते ड असे वर्ग आहेत, परवाना देणारी यंत्रणा आहे. कार्ट्रिज बनवणाऱ्याने ते ठरावीक मशीनसह तपासून घ्यायचं, त्या जोडीचा परवाना घ्यायचा, आकड्याची जबाबदारी त्याची. साखरेच्या यंत्रांसाठी असं मोजमाप आहेच: १०० मिलिग्रॅमच्या खाली अधिक-उणे १५ मिलिग्रॅम आणि वर अधिक-उणे १५ टक्के, शंभरातली किमान ९५ रीडिंग त्या पट्ट्यात बसली पाहिजेत. क्षारांना, ट्रोपोनिनला असाच पट्टा लावता येतो. आणि बंद सांधा म्हणजे सुरक्षित सांधा, असं समजणाऱ्यांनी थेंबभर रक्तात ढीगभर तपासण्या करण्याचा दावा करणारी अमेरिकी कंपनी थेरानोस आठवावी. २००३ मध्ये सुरू झालेल्या त्या कंपनीत सगळंच बंद होतं, मशीन, कार्ट्रिज, आकडे, सगळं. बाहेरच्या कुणाला तपासूच दिलं नाही. २०२२ च्या जानेवारीत संस्थापिका गुंतवणूकदारांच्या फसवणुकीत दोषी ठरली. त्याआधी, कंपनीच्या दाव्यांवरून गदारोळ सुरू झाला त्याच २०१५ मध्ये, अमेरिकेतल्या राइस विद्यापीठाच्या संशोधकांनी एक साधी गोष्ट दाखवली होती: एकाच बोटातून निघालेल्या लागोपाठच्या थेंबांत पेशींचं प्रमाण बरंच बदलतं. थेंबच जिथे असा लहरी, तिथे मशीन उघड्यावर तपासलेलं बरं.

दुसरा आक्षेप उद्योजकांचा. मशीन जवळजवळ फुकट देतो, कमाई किटवर. सांधा उघडलात तर संशोधन कोण करील? मला हा आक्षेप पहिल्यापेक्षा जास्त विचार करायला लावतो. नवउद्यमींची अवस्था मी जवळून पाहिली आहे. पाच वर्षं घर गहाण ठेवून एक यंत्र घडवायचं आणि पहिल्याच निविदेत मागच्या तीन वर्षांच्या उलाढालीची अट पाहून परत यायचं. पण यावरचा उपाय लपवलेली किंमत हा नव्हे. मशीनची खरी किंमत सरकारने मशीन घेतानाच द्यावी. सांधा घडवणाऱ्याला दुसऱ्याच्या कार्ट्रिजमागे ठरलेलं, जाहीर स्वामित्वशुल्क मिळावं. आणि ज्यांनी बायरॅकसारख्या सार्वजनिक संस्थेच्या अनुदानावर पहिला नमुना उभा केला, त्यांच्या सांध्यावर जनतेचा थोडा हक्क आधीच बसलेला आहे, एवढं तरी मान्य करावं.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी, नाहीतर हा लेख म्हणजे हातयंत्रांची जाहिरात होईल. सगळीकडे ही यंत्रं हवीत असं अजिबात नाही. आपल्या दाराशीच तुर्भ्याला थायरोकेअरची मध्यवर्ती प्रयोगशाळा आहे. १९९६ मध्ये सुरू झालेल्या या धंद्याची युक्ती नेमकी उलट होती: देशभरातले नमुने विमानाने रातोरात एका जागी आणायचे आणि मोठी यंत्रं भरून चालवायची. एका तपासणीचा खर्च त्यामुळे जितका खाली येतो, तितका कुठल्याही एकेका कार्ट्रिजने येणार नाही. वाशीत राहणाऱ्या बाईंची थायरॉइडची किंवा जीवनसत्त्वाची तपासणी हातयंत्रावर करणं हा निव्वळ हौसेचा खर्च. रिपोर्ट उद्या आला तरी गोळी तीच राहणार. ज्या तपासणीचा निकाल तासाभरात उपचार बदलतो, तिथेच हातयंत्राला जागा.

आणि तशी जागा जिल्ह्यात भरपूर आहे. पालघर वेगळा झाल्यावरही ठाणे जिल्ह्यात शहापूर आणि मुरबाड आहेत, मुंबईला पाणी पाजणारी धरणं आहेत, आणि त्या धरणांच्या आजूबाजूच्या पाड्यांवरून निघालेला रुग्ण नाशिक महामार्गाने येताना भिवंडी बायपासच्या कोंडीत अडकतो. जुलाबाने सुकलेल्या मुलाचं पोटॅशियम, छातीत दुखतंय म्हणणाऱ्याचं ट्रोपोनिन, तापाने ग्लानीत गेलेल्या बाईचं लॅक्टेट, हे आकडे शहापुरातच कळले तर कुणाला रुग्णवाहिकेत आधी घालायचं ते ठरतं. माणकोलीच्या कोंडीत कळून उपयोग नाही. सिकलसेलचंही तसंच. २०२३ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवून. जुनी विद्राव्यता चाचणी स्वस्त आहे, पण वाहक कोण आणि रुग्ण कोण हे ती सांगत नाही. कार्ट्रिजमधल्या कागदी पट्टीवर हिमोग्लोबिनचे प्रकार विजेच्या दाबाने वेगळे करून दाखवणारी हातयंत्रं आता आहेत, आणि आशाताईंनी बोलावून आणलेली तरुण पोरं समोर बसलेली असतानाच उत्तर देतात. तीच पोरं पुन्हा रिपोर्ट घ्यायला येतील या भरवशावर राहणाऱ्याने भातलावणीच्या दिवसांत पाड्यावर जाऊन पाहावं.

उलट उदाहरणही त्याच तालुक्यातलं देतो. सर्पदंशाचा रुग्ण आला की रक्त गोठतंय का हे पाहायची मान्य पद्धत म्हणजे कोरडी, स्वच्छ काचेची नळी, दोनेक मिलिलिटर रक्त, आणि वीस मिनिटं न हलवता थांबणं. नळी तिरकी करायची, रक्त वाहिलं तर विष चढलंय. चिप नाही, सांधा नाही, दरकरार नाही. नळी मात्र काचेचीच हवी, प्लास्टिकची नाही. जिथे एवढ्यावर भागतं तिथे यंत्राचा आग्रह धरणाऱ्याला मी तरी दारात उभा करणार नाही.

राहता राहिला रोजगाराचा मुद्दा, ज्यावरून तळोजाची हळहळ झाली. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली, वागळे इस्टेट तिच्या पहिल्यावहिल्या वसाहतींपैकी. पुढे खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रबाळे, महापे, पावणे, तुर्भे असा पट्टा उभा राहिला. या पट्ट्याला काय येतं ते पाहा. प्लास्टिकचे साचे आणि मोल्डिंग, औषधांची कोरड्या खोलीतली भरणी, फॉइलचं पॅकिंग, शाईची स्क्रीन छपाई, सर्किट बोर्डांची जुळणी. कार्ट्रिज म्हणजे दुसरं काय? अचूक साच्यातलं प्लास्टिक, त्यावर छापलेले इलेक्ट्रोड, सुकवलेलं रसायन, लेझरने जोडलेलं झाकण, ओलावा शोषणारी पुडी आणि हवाबंद फॉइल. अवघड आहेच, केसाएवढ्या खाचेत मोल्डिंगची एक कुसळ राहिली की बुडबुडा अडकतो आणि तपासणी बाद. पण हे अवघडपण साचेवाल्याच्या ओळखीचं आहे. चिप बनवणाऱ्या कारखान्याला, म्हणजे फॅबला, लागणारी हजारो कोटींची गुंतवणूक, अतिशुद्ध पाणी, अखंड वीज यातलं काही लागत नाही. मशीनमधली चिप जुन्या पिढीची, बाहेरून आणली तरी चालते. मागणी कार्ट्रिजची आहे, दररोज, दर रुग्णामागे. सांधा बंद असेल तर रबाळ्याचा कारखानदार फार तर एखाद्या कंपनीचं जॉबवर्क करील आणि ती कंपनी उद्या ऑर्डर दुसरीकडे नेईल. सांधा खुला असेल तर तो स्वतःच्या नावाने परवाना काढू शकतो.

हे सगळं बदलायला नवा कायदा लागत नाही. राज्याचं वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण २०२३ च्या कायद्याने झालेलं आहे. ठाणे आणि नवी मुंबई महापालिका आपापल्या रुग्णालयांसाठी निविदा काढतातच. त्यांत यंत्राची अट लिहिताना ४० अंश तापमान आणि पावसाळ्यातला दमटपणा लिहायला कुणी अडवलेलं नाही. पट्ट्यांची डबी उघडी राहिली की जुलैत आठवडाभरात रसायन ओलावतं, हे माहीत नसलेली सिस्टर शोधून सापडणार नाही; मग विनिर्देशात ते का नसतं? दर महिन्याला प्रत्येक मशीनला उत्तर माहीत असलेला एक बंद नमुना पाठवून पाहणं, ही बाह्य गुणवत्ता तपासणी मोठ्या लॅबना नवी नाही, ती या चिमुकल्या यंत्रांनाही लागू करावी. रुग्णांचे आकडे कंपनीच्या परदेशी सर्व्हरवर परस्पर जाऊ नयेत. आणि पैसे द्यायचे ते कार्ट्रिजमागे नको, वैध रिपोर्टमागे. आज दहातली दोन कार्ट्रिज 'एरर' दाखवून वाया गेली तर भुर्दंड दवाखान्याला. तो पुरवठादाराकडे सरकवला की बुडबुड्यांवर संशोधन आपोआप जोरात सुरू होईल.

निविदापूर्व बैठकीला सध्या पुरवठादारांचे प्रतिनिधी असतात आणि भांडार विभागाचे दोघं. शंका विचारतात पुरवठादार, अटी सैल होतात त्यांच्याच सांगण्यावरून. तिथे वॉर्डातली एक सिस्टर, एक लॅब टेक्निशियन आणि रबाळ्या-वागळ्यातला एखादा साचेवाला बसवावा. आणि निविदेला एक परिशिष्ट जोडावं: सांध्याची मापं, संकेत आणि स्मृतीची मांडणी, सही-शिक्क्यानिशी. हे परिशिष्ट कोरं असेल, तर तांत्रिक लिफाफा उघडताच निविदा बाद, दराचा लिफाफा न उघडता परत.